दिल्लीच्या घरात किती माणसं

दिल्लीत घरांचं एक मंत्रालय असतं, हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घर एकतर बापाकडून मिळायचं, नाहीतर भाऊ-मेहुणे हाताशी धरून बांधायचं. त्यासाठी दिल्लीत एक मंत्री आणि त्याच्या हाताखाली शेकडो माणसं बसलेली आहेत, ही कल्पनाच मला मजेची वाटली. पण तेव्हा महाराष्ट्र नवा होता, पंचायत समित्या त्याहून नव्या होत्या आणि मी तर सगळ्यांत नवी. एकविसाव्या वर्षी ग्रामसेविका म्हणून मला बुलढाण्याहून धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका गावात पाठवलं. आमच्या गटविकास अधिकाऱ्यांनी हातात एक निळा नकाशा ठेवला आणि म्हणाले, "दिल्लीच्या योजनेतली दहा घरं पुरी होत आलीत. लोकांना त्यांत राहायला शिकवा."

राहायला काय शिकवायचं, असं मी तोंडावर विचारलं. माझी जीभ तेव्हा तिखट होती. आताही फार गोड झालेली नाही.

शिकवायची गरज होती, हे मात्र लवकरच कळलं. घरं छान होती. विटांच्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, दोन खोल्या, पुढे पडवी. पण एकानं संडासात कडबा भरून ठेवला आणि वर मलाच म्हणाला, "बाई, सरकारनं कडब्याची सोय झकास केली." स्वयंपाकघरात उभ्यानं रांधायचा ओटा होता. त्याचे फायदे मी बायकांना अर्धा तास सांगितले. सगळ्यांत पुढे बसलेली मळेवाली मावशी शांतपणे म्हणाली, "उभ्यानं घोडं झोपते बाई. बाईनं काऊन उभं राहा?" सभा तिथंच संपली.

ही मावशी विधवा होती. ओढ्याकाठी तिचा भाजीचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर. राहायची मळ्यातच, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या झोपडीत. दहांतलं एक घर तिच्या नावावर लागलं होतं, आणि ते तिला का हवं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या लेकीचं लग्न झालं. मुलाकडचे दुसरबीडचे, शेतीवाडीवाले. वऱ्हाड जेवायला बसलं आणि अवकाळी पाऊस आला. झोपडीत बसवलेल्या विहीणबाईंच्या नव्या लुगड्यावर गळक्या छपरातून चिखल पडला. त्या ताटावरून उठल्या आणि म्हणाल्या, ज्या घराला धड छप्पर नाही त्या घरी माझी सून पाय टाकणार नाही. तेव्हापासून लेक एकदाही माहेरी आली नव्हती. ना दिवाळीला, ना अखजीच्या सणाला. मावशीनं त्याच महिन्यात घरासाठी अर्ज केला.

आता घर तयार होतं, बाकीची नऊ कुटुंबं राहायलाही गेली होती, आणि मावशी झोपडीतून हलत नव्हती.

"जाते ना राह्यले," ती म्हणायची. "पन पहिलं दूध पोरीच्या हातानं उतू जाऊ द्या. त्याच्याआधी मी त्या चुलीले काडी लावनार नाई."

तशी रीतच होती. नव्या घरात लेकीनं चूल पेटवायची, दूध उतू घालायचं, मग बाकीचं सामान आत. मावशीनं दुसरबीडला तीनदा निरोप पाठवला होता. तिन्ही वेळा लेक आली नाही, निरोप्या तेवढा परत आला.

इकडे नियम असा होता, की घर रिकामं राहिलं तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचं. हा पुढचा माणूस रोज सकाळी मावशीच्या घराभोवती एक चक्कर मारायचा आणि कवेलू मोजायचा. त्याला बघितलं की माझं डोकं फिरायचं.

अशात दर घराचा एक फॉर्म भरून पाठवायचा होता. मावशी मेथी खुडत होती. मी वाफ्याच्या अलीकडून ओरडून विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

"दोन. मी अन् माही पोरगी."

मी "दोन" लिहिलं. राहायला आले का, या प्रश्नापुढे "हो" लिहिलं. आठवड्याभरात येईलच, असा माझा हिशेब. फॉर्म दिल्लीला गेला आणि मी विसरून गेले.

महिन्याभरानं कागद आला. मंत्रालयातले एक साहेब मलकापूरला रेल्वेनं उतरून जीपनं येणार होते. दहाही घरं पाहणार, राहणारी माणसं समोर उभी करून फॉर्मशी ताडून बघणार. यायला पाच दिवस होते. गटविकास अधिकाऱ्यांनी मला मोताळ्याच्या कचेरीत बोलावून फॉर्म पुढे सरकवला.

"ही दुसरी बाई कोण?"

"तिची लेक."

"कुठे असते?"

"दुसरबीडला. सासरी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तिचं घर तर जाईलच, वर खोटं लिहिलं म्हणून तुमची नोकरीही जाईल. आणि तुमच्या फॉर्मवर सही माझी आहे."

नोकरीचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला त्या चुलीचं वाटलं. चार वर्षं घरासाठी थांबलेल्या बाईचं घर माझ्या घाईमुळे जाणार होतं. एरवी ती म्हणाली असती, अजून राहायला गेले नाही, मुदत द्या, आणि मुदत मिळालीही असती. ती वाट मीच बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघाले. बुलढाणा, चिखली, पुढे आणखी दोन गाड्या. वाटभर मी एक थाप घोळवत होते. दिल्ली सरकारचा हुकूम आहे, सुनेला हजर करा, नाहीतर खटला. सोबत तो इंग्रजी कागद होताच. त्यात सुनेचं नावही नव्हतं, पण सिंहाचा शिक्का ठळक होता.

विहीणबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. अंगानं भक्कम, नजर करडी. मी ताठ बसून कागद उघडला आणि घसा खाकरून इंग्रजी वाचायला लागले. चार ओळी होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "हे घर कोणाचं म्हणता?"

"तुमच्या विहिणीचं. सरकारी योजनेतलं. दोन खोल्या, विटांच्या भिंती."

त्यांचा हात सुपातच थांबला. "वर काय घातलं?"

"कवेलू."

"गळतं का?"

"या पावसाळ्यात थेंब नाही आला."

मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. लेक आतून ऐकत होती.

"मग हे मला काहून सांगितलं नाही?" विहीणबाई म्हणाल्या. "तीन निरोप आले. पोरीला पाठवा, पोरीला पाठवा. मला वाटलं, पुन्हा त्याच पऱ्हाट्यांखाली बोलावती."

उत्तर मला माहीत होतं, पण ते आत्ता कुठे माझ्या ध्यानात येत होतं. दूध उतू जाण्याआधी नव्या घराची गोष्ट बाहेर काढायची नाही, नजर लागते. मावशीनं निरोप्याला शपथ घालून बजावलं होतं, घराचं नाव काढायचं नाही. घरासाठी जिला बोलवायचं तिच्यापासूनच घर लपवून ठेवलेलं. मी डोक्याला हात लावला. विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "बरोबरच हाय तिचं," म्हणाल्या. "मीबी नसतं सांगितलं." आणि वर, "पण मी बघितल्याबिगर सुनेला सोडायची नाही. मीच घेऊन येते."

तपासणीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी उतरल्या. मावशी पडवीपर्यंत पुढे आली आणि तिथंच थबकली. लेक तिच्या गळ्यात पडली. विहीणबाई मात्र मान वर करून खालून एकेक कवेलू तपासत घराला फेरी घालून आल्या. यादीतला पुढचा माणूस त्यांना बघून निघून गेला.

लेकीनं चूल मांडली ती जमिनीवरच, ओट्याच्या पायाशी. दूध तापायला लागलं आणि जीप आली. दिल्लीचे साहेब उतरले, मागून आमचे गटविकास अधिकारी, घामाघूम. मी साहेबांना पडवीत थांबवलं आणि मोडक्या हिंदीत म्हटलं, "दोन मिनिट. दूध." साहेब बिचारे बूट काढून उभे राहिले. दूध उतू गेलं, निखाऱ्यावर चरचरलं, आणि मग मी त्यांना आत बोलावलं.

साहेबांनी फॉर्म काढला. "माताजी, यहाँ कितने लोग रहते हैं?"

मी साहेबांच्या मागून मावशीला दोन बोटं दाखवत होते. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती विहीणबाईंकडे बघत होती.

"राहते मी एकलीच," ती म्हणाली. "पोरगी तिच्या घरी राहते. आता तिले यायले घर झालं. तुम्ही पाठवसान तं ती येत जाईन."

गटविकास अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

विहीणबाईंनी पदर सारखा केला. "येईल," त्या म्हणाल्या. "दिवाळीला येईल. अन् पहिलं बाळंतपण बी हितंच होईल, तुमच्याकडं. चौथा महिना हाय."

मावशीला हे माहीत नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच नव्हतं. लेकीनं मान खाली घातली. मावशीनं हात पुढे करून लेकीच्या पोटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मला रडू आलं. दिल्लीच्या माणसासमोर मी सरळ पदर डोळ्यांना लावला.

"क्या कहा इन्होंने?" साहेबांनी विचारलं.

माझा पदर अजून डोळ्यांनाच होता. तेव्हा आमचे गटविकास अधिकारी पुढे झाले. आयुष्यात नियमाबाहेर पाऊल न टाकलेला माणूस.

"साहब, अभी एक," ते म्हणाले. "लेकिन दो लिखा है, वो रहने दीजिए. थोड़े दिन में तीन होंगे."

साहेबांनी लेकीकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

मावशी केव्हाच आतल्या खोलीत गेली होती. भिंती चाचपत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होती.

"बाई," तिनं आतून मला विचारलं, "बाळंतिनीची बाज या भिंतीशी टाकली तं वारा लागीन का हो?"