टर्कीवरची फोडणी
बटरमध्ये लसूण तडतडला की मला परदेशात, स्वोर्ड्स गावातल्या घरातला आमचा पहिला नाताळ आठवतो. नवऱ्याने त्याच्या मॅनेजरला बायकोसकट जेवायला बोलावलं होतं आणि शिजवलेली टर्की विकत आणली होती, फक्त गरम करायची. "पाकिटावर लिहिलंय तेवढंच कर," त्याने बजावलं, "आज आपलं तिखट काही नको, त्यांना झेपत नाही." मी फॉइल लावून ती ओव्हनमध्ये ढकलली. तापल्यावर एक तुकडा तोंडात टाकला, तर नुसता पुठ्ठा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दिवसभर ऑफिसात मी त्यांच्यासारखं बोलते, त्यांच्यासारखं हसते," मी म्हटलं, "माझ्या घरात जेवण माझ्यासारखंच होणार." कढल्यात बटर वितळवलं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि सुक्या मिरच्या टाकल्या. धूर झाला, स्मोक अलार्म किंचाळायला लागला, नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय तेवढ्यात बेल वाजली. तो दारातच सॉरी सॉरी करत राहिला. मी मात्र पाहुण्यांच्या देखत चर्र करून फोडणी टर्कीवर ओतली. मॅनेजरला ठसका लागला, डोळे पुसत तो "ग्रँड, ग्रँड" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त'. खरंच आवडली का, ते मी विचारलंच नाही. मी स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतलं. अजूनही दर नाताळला आमच्याकडे तो अलार्म वाजतो. टॉवेल शोधायला आता कोणी धावत नाही. लेक जिन्यावरून "डिनर्स रेडी!" म्हणून ओरडते आणि ताटं मांडायला घेते.