दहाव्याच्या सकाळची गोळी

मंगळवारी दुपारी माझा नवरा गेला. मी स्वयंपाकघरात होते.

त्यानंतर मला झोप येईना. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी भिंतीला टेकून बसून असायचे. आमचे फॅमिली डॉक्टर भेटायला आले. ते नीट बसायच्या आतच इगतपुरीहून आलेली माझी धाकटी नणंद त्यांना म्हणाली, "डॉक्टर, वहिनीला काहीतरी द्या. बघवत नाही हो." त्यांनी नाडी पाहिली आणि चिठ्ठी लिहिली. झोपताना एक गोळी. मला काही विचारलं नाही.

दहाव्याला गोदावरीवर जायचं होतं. मी घाटावर कोसळेन या भीतीने नणंदेने सकाळीही एक गोळी दिली. प्रेमानेच दिली. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. दिरांनी आमच्या मुलीच्या लग्नाचा शब्द दिला, कोणी घराचा. कावळा जागचा हलला नाही. मग सगळे माझ्याकडे वळले, आणि मी पायरीवर बसल्या बसल्या झोपले होते. आपली पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत, एवढंच माझा नवरा म्हणायचा. हे फक्त मला ठाऊक होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

हे सगळं मला नंतर नणंदेने सांगितलं. "अगं वहिनी, तू चक्क घोरत होतीस! गुरुजींनासुद्धा हसू आवरेना," असं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

गोळी मात्र चालूच राहिली. पुढे पुढे वाचताना पान उलटलं की मागचं पुसलं जायचं. मला वाचनाशिवाय दुसरं काही येत नाही. भीती वाटली, म्हणून मी दवाखान्यात गेले.

"तेव्हा गोळीच का दिलीत?" मी विचारलं.

"दुसरं काय देणार होतो, वहिनी? तुमच्याजवळ तासभर बसायला हवं होतं. इकडे पेशंट खोळंबले होते. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं असतं, तर तुमच्या नणंदेने मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. 'वहिनीला वेडी ठरवता का?' म्हणाली असती." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आणि तो माझाही मित्र होता. तुमच्याकडे मलाही बघवत नव्हतं."

"मग गोळी तुम्ही घ्यायची होती."

"घेतली ना," ते म्हणाले.

यावर मला रागावता आलं नाही. पण राग गेलाही नाही. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू, असं त्यांनी बजावलं. या वेळी त्यांनी मला बराच वेळ बसवून घेतलं. बाहेर कोणीतरी खोकून आपण थांबलो आहोत हे कळवत होतं.

आता मी अर्ध्या गोळीवर आले आहे. झोप तुटक लागते. घाटावरचं मला काहीही आठवत नाही.