चाकातून आलेलं आडनाव

तुमच्या आडनावाची कधी लाज वाटलीय का हो तुम्हाला? खरं सांगा. रेस्तितूताच्या पोराला, अनिएल्लोला, तीस वर्षांत वाटली नव्हती. मग एका माणसानं ती शिकवली.

रेस्तितूता एस्पोझितो नेपल्सच्या सानिता मोहल्ल्यातली. घरी बसून चामड्याचे हातमोजे शिवायची. नवरा लवकर गेला. त्याचा खापरपणजोबा अनाथाश्रमाच्या भिंतीतल्या लाकडी चाकातून आत आलेला. बाहेरून कुणी तान्हं मूल ठेवायचं, चाक फिरायचं, आतली बाई उचलून घ्यायची. अशा पोरांना तिथं एकच आडनाव: एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर टाकलेला. पुढं सरकारनं ते द्यायचं बंद केलं, पण तोवर नेपल्स आणि भोवतालची गावं एस्पोझितोंनी भरून गेली होती. जिथलं चाक, तिथलं आडनाव. रोमकडं प्रोयेत्ती, फ्लॉरेन्सकडं इनोचेंती, मिलानकडं कोलोंबो. सानितात त्यावरून कुणी कुणाला हिणवलं नाही. हिणवणार कोण? शेजारचंही दार एस्पोझितोचंच!

अनिएल्लो बांधकामावर मिलानला गेला. एक दिवस खालच्या कॉफीच्या दुकानात त्याचा फोन आला.

"आई, लग्न ठरलंय. पण तिच्या वडिलांची अट आहे. आडनाव बदलायचं. मी अर्ज केलाय. मोंती लावणार."

"आणि एवढा तोरा मिरवणाऱ्याचं स्वतःचं आडनाव काय रे?"

"कोलोंबो."

रेस्तितूता इतकी हसली की दुकानदाराच्या हातातला कप हिंदकळला. "अरे मेल्या, ते तर त्यांच्या चाकातलंच!"

"इथं तसं कुणी बोलत नाही, आई." त्यानं फोन ठेवला. नंतर त्याचे फोन येत, पण तुटक. मोंती होऊन त्याचं लग्न झालं. आईला बोलावणं उशिरा पोचलं, म्हणे.

दोन वर्षांनी तो परांचीवरून पडला. रेस्तितूता गाडीनं मिलानला पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. दगडावर कोरलं होतं: अनिएल्लो मोंती. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. सून रडत होती. कोलोंबो टोपी हातात धरून उभा होता.

"माती जरा जुनी झाली की त्याला वर काढा," ती म्हणाली. "हाडं धुऊन, कापडात गुंडाळून मी नेते. बापाशेजारच्या कोनाड्यात ठेवते. आमच्यात तसंच असतं."

"ही जागा आमच्या घराण्याची आहे, बाई. आम्ही मेलेल्यांना उकरत नाही."

"तुमच्या घराण्याची? पोरगा माझा, दगड तुमचा?"

त्यानं टोपी घातली आणि चालू लागला. झालं. कागदावर पोरगा मोंती, त्याच्यावर हक्क बायकोचा, आणि बायको बापाच्या शब्दाबाहेर नाही.

सानितात डोंगर पोखरून केलेल्या गुहा आहेत. तिथं बेवारस हाडांच्या राशी. मोहल्ल्यातल्या बायका एखादी कवटी आपली मानतात, पुसतात, तिच्यासाठी प्रार्थना करतात, मेल्यावर आगीत होरपळणाऱ्या त्या जिवाला गारवा मिळावा म्हणून. बदल्यात कवटी स्वप्नात येऊन लॉटरीचे आकडे सांगते, असंही मानतात. घरी परतल्यावर रेस्तितूतानं तिथं जाऊन एक कवटी उचलली. हातमोज्यांच्या मऊ कातड्यानं पुसली. सुताराकडून पेटी करून घेतली, कवटी तीत घालून तिथंच गुहेत ठेवली, आणि पेटीवर रंगानं लिहून घेतलं: अनिएल्लो एस्पोझितो.

शेजारची फोर्तुनाता म्हणाली, "काय गं, स्वप्नात लॉटरीचे आकडे सांगितले का तुझ्या कवटीनं?"

"पोरगा आहे तो माझा. लॉटरीचं दुकान नाही."

"अगं, पण ही कुणाची कोण जाणे!"

"कुणाचीच नाही," रेस्तितूता म्हणाली, "म्हणून तर आमचं आडनाव दिलं."

 फोर्तुनातानं पदरची मेणबत्ती पेटीपुढं लावली.

दर सोमवारी रेस्तितूता जायची. गुडघे गेल्यावर भिंत धरत जायची. आता तीही नाही. तुम्ही कधी त्या गुहांकडं गेलात, तर ती पेटी शोधा. बाहीनं धूळ पुसा. आणि त्याला मोठ्यानं, पूर्ण नावानं हाक मारा. मोंती म्हणू नका.