पदराखाली अंडं देत नाही

बदकांमुळे कोणाचं लग्न मोडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाच्या जिवाला घोर नको. माझी भाची आज तिच्या घरी सुखात आहे आणि माझी बदकं किन्हीराजाजवळच्या आमच्या शेततळ्यात सुखात आहेत. या दोन गोष्टी एकाच वेळी होणं शक्य नाही, असं आमच्या गावातल्या बऱ्याच शहाण्यांचं मत होतं. नंतर त्यांची तोंडं मी डोळे भरून पाहिली.

गावात मला 'टाकलेली बाई' म्हणतात. मला कोणी टाकलं नाही. सासरहून मी स्वतःच्या पायांनी निघून आले, माझी पत्र्याची पेटी माझ्याच डोक्यावर होती. निघून येण्याचं कारण वडिलांना एकदा सांगितलं, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे ते आजारी पडले तेव्हा माझ्या धाकट्या भावाला समोर बसवून म्हणाले, "नाल्याकडचा तुकडा पोरीचा." भावानं मान हलवली. नंतर त्याच तुकड्यावर आम्ही दोघांनी मिळून शेततळं खोदून घेतलं, पाण्याच्या मोटारीसाठी टिनाची खोली बांधली, आणि भावाचं घर लेकरांनी भरल्यावर मी त्या खोलीत राहायला गेले. गावापासून पायी जाण्याइतकंच अंतर, पण लोकांना ते फार वाटलं. बाईमाणूस एकटं शेतात राहतं कसं, हा प्रश्न मला सोडून सगळ्यांना पडला होता.

पाखरं आली ती शिरपूरच्या बाजारातून. तिथे एक चाचा मोटरसायकलला पिंजरे बांधून कोंबड्या विकायला आणत. एकदा त्यांच्याकडे बदकांची पिल्लं होती आणि लोक नुसते वाकून बघत होते, हसत होते, पुढे जात होते. मी थांबले तेव्हा चाचा वैतागून म्हणाले, "ले जाव बेटी. दिवसभर तमाशाच पाहून राह्यले लोक, घेऊन कोणीच नाई राह्यलं." बघून हसणारे लोक मला चांगलेच ओळखीचे होते. मी सगळी पिल्लं घेऊन आले.

कोंबडी अंगणात मरते आणि बदक जगतं, हे मला त्याच वर्षी कळलं. गावात कोंबड्यांचा रोग आला, खुराडी ओस पडली, माझ्या बदकांना काही झालं नाही. शिवाय पेरणीनंतर सोयाबीनची कोवळी पानं गोगलगाई फस्त करतात. माझी बदकं ओळीनं वावरात शिरायची आणि गोगलगाई शेंगदाण्यासारख्या मटकवायची. भावाच्या वावरात औषध टाकावं लागलं नाही. तो हे कधी बोलला नाही, पण बदकं वावरात सोडायला उशीर झाला की बांधावर येऊन उगाच खाकरायचा.

पुढे चाचांनीच टर्कीची जोडी आणून दिली आणि मग राजहंसांची. टर्कीचा नर म्हणजे लग्नात मानपान कमी पडलेला मामा. सदा फुगलेला, गळ्याखाली लाल झालर, आणि एसटीनं हॉर्न वाजवला तरी तिला उलट उत्तर देणार. मादी अंडी घालायची ती तुरीत दडवून, आणि मी तूर धुंडाळत फिरायची. राजहंसांचं काय सांगू? शाळेच्या पुस्तकातला राजहंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणे. माझा नर माणसं वेगळी करतो. ओळखीचा असेल तर सोडतो, नसेल तर मान जमिनीलगत घालून, फुत्कार टाकत पोटरीच धरतो. एका संध्याकाळी मोटारीची वायर चोरायला आलेले दोघे चपला सोडून पळाले. त्या चपला मी बरेच दिवस कुंपणाला टांगून ठेवल्या होत्या. त्यानंतर बाईमाणूस एकटं कसं राहतं, असं मला कोणी विचारलं नाही.

खाण्याचंही सांगते. बदकं मी खाते आणि खाऊ घालते, त्यात लाजायचं काय? राजहंस मात्र कापत नाही. तो राखणदार आहे, आणि राखणदाराला कोणी रश्श्यात टाकत नाही. पहिलं बदक शिजवलं तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. आमच्याकडे रश्श्यावर तर्री किती, यावर घराची इभ्रत ठरते. भावाचं सगळं घर जेवायला येणार म्हणून मी मटणाला ओतते तसं हात सैल सोडून तेल ओतलं. बदकाच्या कातडीखाली किती चरबी असते ते मला काय ठाऊक! पातेल्याचं झाकण काढलं तर रस्सा कुठे दिसेना, वर नुसता लाल तेलाचा थर. भाची वाकून बघत म्हणाली, "आत्या, हे बदक तं अजून पोहूनच राह्यलं!" हसून हसून भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी तेलाचा थेंब घालत नाही. कातडीची बाजू खाली ठेवून मंद जाळावर बदक परतते, त्याच्याच चरबीत भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण टाकते, आणि तर्री आपसूक वर येते.

आता अंड्यांचं. बदकाचं अंडं दम्याला, खोकल्याला चांगलं, असं आमच्या भागात मानतात. खरं-खोटं मला माहीत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण ज्या बायका रस्त्यानं जाताना नाकाला पदर लावायच्या, 'चिखल खाणारी पाखरं' म्हणायच्या, त्याच दिवेलागणीला मागच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं यायच्या आणि पदराचा ओचा पुढे करायच्या. "हळूच टाक व माय, कोणाले सांगू नोको." कितीतरी दिवस मी टाकली. मग एकदा एकीनं सकाळी पाणवठ्यावर चारचौघींत माझ्या नावानं बोटं मोडली आणि संध्याकाळी तीच ओचा पसरून उभी राहिली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पदराखाली अंडं देत नाई. उद्या दिवसाउजेडी टोपलं घेऊन ये, पुढच्या रस्त्यानं, अन् उघडं घेऊन जाय. कोणी इचारलं तं सांग कोणाचे हायत." ती फणफणत गेली. महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग एकेक करून टोपली येऊ लागली, उघडी. नियम तेव्हापासून आहे.

भाचीचं स्थळ आलं ते अशाच काळात. मानोऱ्याकडचं चांगलं घर, मुलगा नोकरीला. पाहायला येण्याचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी भाऊ तळ्यावर आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ताई, उद्या तू शिरपूरले मावशीकडं जाय."

"कायले?"

"पाहुणे येऊन राह्यले. इचारतीन, हे कोण, इथं काहून राह्यते, नवरा कुठी हाय..."

"मंग सांग ना, काय हाय ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तळ्याकडे पाहिलं. "अन् हे पाखरं इकून टाक आता. लग्न जमलं की तू घरातच ये राह्याले. मांगची खोली हाय. लोकं काय म्हणतीन, पोरीची आत्या वावरात बदकं घेऊन राह्यते?"

मागची खोली म्हणजे काय ते मला कळत होतं. मी एकदा तिथे गेले की हा तुकडा, ही टिनाची खोली, हे तळं, कशावरच माझा पाय राहणार नव्हता. कागदावर काही नव्हतं, होता तो वडिलांचा शब्द आणि माझं तिथे असणं. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं होतं तो भाऊ मला चांगल्या मनानं तिथून उठवत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हटलं, "पाखरं इकणार नाई. अन् शिरपूरले जाणार नाई. तुह्या घरी बलावलं नाई तं येणार बी नाई. पन माह्या जाग्यावर मी असन." तो गेला. मी खूप वेळ चुलीपुढे बसून रडले. रडले म्हणजे त्याचं ऐकलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची जीप तळ्याजवळच्याच रस्त्यानं आली. मी दारापुढे ज्वारीची कणी टाकत होते. राजहंस रस्त्यात आडवा झाला आणि जीप थांबली. खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढून सगळी पाखरं नीट पाहिली, मध्येच खोकल्याची उबळ आली म्हणून आत झाली. मी राजहंसाला हाकललं, जीप गेली. मी आत पळाले नाही.

तासाभरानं भावजय आली, मागच्या धुऱ्यानं. नवं लुगडं चिखलात बरबटलेलं, श्वास फुललेला. "नणंदबाई, पोराच्या मायले दमा हाय. तिनं बदकं पाह्यले. अंडे मांगून राह्यली. द्या लवकर," असं म्हणून तिनं ओचा पुढे केला.

मी विचारलं, "नियम मालूम हाय ना तुले?"

"आज तरी असं नोका करू."

"आजच करतो. अंडे मी आणून देतो, पुढच्या रस्त्यानं."

"ते तुमाले घरात नोको म्हणाले होते..." तिलाही हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते मला दिसलं. मी टोपल्यात भुसा घातला, वर अंडी मांडली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाले. ती माझ्यापुढे चार पावलं टाकायची, थांबायची, परत चालायची. मागून राजहंस येत होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुषमंडळी पोहे खात होती, बाजूला मुलाची आई आणि भाची बसल्या होत्या. मी फाटकातून आत आले आणि बोलणं थांबलं. मुलाच्या मामानं विचारलं, "ह्या कोण?"

भावानं पोह्याच्या ताटलीत पाहिलं. तो थांबला. किती थांबला, ते मी मोजलं नाही, पण ती वेळ मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही. 'कामाची बाई' एवढं म्हणून त्याचं काम भागलं असतं. माझ्या हातातलं टोपलं जड झालं होतं.

"माही मोठी बहीण," तो म्हणाला. मग मान वर करून, जरा मोठ्यानं, "तळ्यावर राह्यते. जागा तिची हाय. बदकं बी तिचेच."

भाचीला मान खाली घालून बसायला बजावलं होतं. ती उठली, तिनं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले. इतक्यात राजहंस फाटकातून आत शिरला आणि त्यानं बरोबर मामाच्याच विजारीचं टोक धरलं. मामा खुर्चीवर उभा राहिला, पोहे सांडले, मुलाची आई हसता हसता खोकली आणि खोकता खोकता हसली. मी राजहंसाला बगलेत दाबून पुन्हा खुर्चीवर बसले. उठून जायचा माझा विचार नव्हता.

मुलाच्या आईनं विचारलं, अंडं कसं खायचं, कच्चं की उकडून. मी म्हटलं, उकडून खा, कच्चं खाल तर पोट बिघडेल आणि नाव माझं होईल. चहा झाला. मुलीला काय विचारायचं ते विचारून झालं. जाताना त्या बाईनं टोपलं उचललं आणि सवयीनं त्यावर पदर ओढला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय पुढे झाली. दुपारी ओचा पसरून आली होती तीच. सगळ्या पाहुण्यांदेखत तिनं टोपल्यावरचा पदर हातानं बाजूला सारला.

"असं नाई न्यायचं, इहीनबाई," ती म्हणाली. "आमच्या नणंदबाई पदराखाली अंडं नेऊ देत नाईत."