काळ्या गुळाची पत

सकाळी डेअरीला दूध घालून कोडोलीकडे परतत होतो, तेव्हा मिलिंदच्या बायकोचा, रत्नावहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेलं. झोपेतच गेलं... तरास न्हाय झाला.” मोटारसायकल कडेला लावून उसाच्या बांधावर बसलो. डोळे भरून आले, पण खरं सांगायचं तर आधी मनात आलं ते ‘सुटला’ एवढंच. फुफ्फुसाच्या आजारानं गेलं वर्षभर मिलिंदला दोन शब्द बोलायचे तरी मध्ये थांबावं लागायचं. शिवाय जे ऐकायची त्याला आस होती, ते ऐकूनच तो गेला. म्हणून आज काही आठवड्यांनी लिहितानाही छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत नाही.

मिलिंद कोल्हापुरातल्या शाळामास्तरांचा मुलगा, मी कोडोलीच्या गुऱ्हाळवाल्यांचा. कॉलेजात एका बाकावर बसलो आणि पुढं जन्मभर एकमेकांना सोडलं नाही. पदवीनंतर मी घरच्या गुऱ्हाळात आलो. तो मुंबईला परदेशी माल पाठवणाऱ्या एका कचेरीत लागला. कोणत्या देशाची पेटी सरळ पुढं जाते आणि कोणत्या देशाची उन्हात पडून राहते, हे त्यानं तिथं वर्षानुवर्षं बघितलं. मग नोकरी सोडून परत आला आणि थेट आमच्या गुऱ्हाळात येऊन म्हणाला, “संभा, तुमचा गूळ बाहेर पाठवूया.”

मी म्हणालो, “आपला भाव परवडंल का त्यास्नी?”

“भावाचं सोड. स्वस्त देणारे लई हायत. तिथं पहिल्या खेपंला जसा माल गेला, तसाच दर खेपंला लागतोय. आपलं घोडं तिथंच अडतंय.”

आसपासच्या गुऱ्हाळांचा गूळ गोळा करून तो पाठवू लागला. सुरुवातीच्या खेपा नीट गेल्या आणि आम्ही हवेत तरंगू लागलो. तेवढ्यात एक अख्खा कंटेनर परत आला. रस पिवळाधमक व्हावा म्हणून कढत्या काहिलीत जी पावडर टाकतात, तिचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. सगळ्यांचा गूळ एकत्र भरलेला, त्यामुळं कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. तिकडच्या व्यापाऱ्यानं दार लावून घेतलं. मिलिंदनं नोकरी सोडून जे मांडलं होतं, ते सगळंच मोडतंय असं दिसू लागलं.

त्यानं सगळ्या गुऱ्हाळवाल्यांना आमच्या अंगणात बोलावलं. आता नावं घेऊन भांडणं होणार, या भीतीनं मी आधीच घामाघूम. पण तो शांतपणे म्हणाला, “कुणाचा माल वाईट व्हता ते मला शोधायचं न्हाय. इथनं पुढं पावडर बंद, आणि ज्याच्या त्याच्या पेटीवर ज्याची त्याची खूण. एवढं जमत असंल त्यानं थांबावं.”

माझे चुलते, तात्या, आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, “पावडर न्हाय घातली तर गूळ काळा पडतोय. काळा गूळ बाजारात कोण घेतंय?”

“आपल्या बाजारात न्हाय घेत, तात्या. पर तिकडच्या माणसाला कोडोली ठावं न्हाय, कोल्हापूर ठावं न्हाय. पेटीवर देशाचं नाव असतंय, त्यो तेवढंच वाचतोय. एकाचा माल फिरला की मागनं येणाऱ्या सगळ्यांच्याच पेट्या फोडत्यात. आपल्यामुळं दुसऱ्या जिल्ह्यातल्यांचा मालबी आता अडकून पडलाय.”

बरेच जण उठून गेले. आम्ही मोजकी गुऱ्हाळं राहिलो, ती तात्यांमुळं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच रानभेंडीच्या झुडपांची मुळं-खोडं तोडून घेऊन आले. पूर्वी तिच्याच चिकानं रसाची मळी काढत. मिलिंदनं शेडला जाळ्या बसवून घेतल्या, गुळाच्या मोठ्या ढेपांऐवजी लहान वड्या पाडायला लावल्या, डोक्याला कापडी टोप्या आणल्या. “पटका सोडून हे टोपडं घालू व्हय मी?” म्हणत तात्यांनी ती पटक्यावरच चढवली. मिलिंद हसत हसत भिंतीला टेकला.

मिलिंदनं तिकडचा दुसरा व्यापारी गाठला, पण पुढचे हंगाम कठीण गेले. आमची प्रत्येक खेप तिकडच्या बंदरावर अडवली जायची, पेट्या फोडल्या जायच्या, तपासणीचा निकाल येईपर्यंत माल पडून. घर चालवायला मिलिंद कोल्हापुरात दुसऱ्यांच्या मालाची कागदपत्रं करून द्यायचा. इथल्या एका व्यापाऱ्यानं मिलिंदच्या चांगल्या पेट्यांत आपला पिवळा गूळ मिसळू द्यायची गळ घातली. मिलिंदनं चहा पाजून त्याला वाटेला लावलं. वहिनी चिडल्या होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. “मी म्हटलं, एवढं ताणून काय मिळणार? तर म्हणालं, अजून दोन-चार खेपा जाऊ दे, रत्ना...” त्या खेपा संपायच्या आतच आजार निघाला. मग त्याची मुलगी प्रज्ञा नोकरी सांभाळून कागदपत्रं बघू लागली, आणि हा अंथरुणावरून विचारत राहिला... माल पोचला का, सोडला का.

त्याला शेवटचा भेटलो ती दुपार. तात्याही हट्टानं बरोबर आले होते. प्रज्ञा फोन हातात घेऊन आत आली आणि बाबांच्या कानाशी वाकली. “बाबा, पेट्या फोडल्या न्हाईत. आता आपला माल दर खेपंला अडवणार न्हाईत म्हणं. आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्यांचा मालबी आता सरळ सोडाय लागल्यात.”

मिलिंदनं डोळे मिटले. मग तात्यांकडं वळून म्हणाला, “तात्या, काळा गूळ खपला की.”

“खपला खरा,” तात्या म्हणाले आणि त्याचा हात हातात घेऊन बसून राहिले. आम्ही निघालो तेव्हा त्याला गाढ झोप लागली होती. कित्येक महिन्यांत असा झोपला नव्हता, असं वहिनी म्हणाल्या.

त्याच्या घरी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि आम्ही परत कामाला लागलो. गुऱ्हाळाच्या शेडमध्ये पायताण घालून कुणाला येऊ द्यायचं नाही, हा मिलिंदचा नेम. तो असताना सगळ्यांत जास्त कुरकुर तात्यांची असायची. परवा हंगाम संपला. काहील घासून पालथी घातली, गडी घरी गेले, शेड रिकामी. तात्यांचा चष्मा आत राहिला होता. दाराशी आल्यावर ते भिंतीला हात टेकून वाकले आणि आधी एक पायताण काढलं, मग दुसरं.

“तात्या, आज काम बंद हाय की,” मी म्हणालो.

“ठावं हाय मला,” असं म्हणून ते अनवाणीच आत गेले.