हवा पिणारी नळी

औरादला माझं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. पत्र्याच्या टपरीपासून मी ते एकट्यानं उभं केलं. त्यामुळे कुणी मला फसवलं की डोकं तापतं. बीदरला, मैलूरमधल्या मासेवाल्यानं मला फसवलं, असं मी पंधरा दिवस येईल त्याला सांगत होतो.

लेकीच्या हट्टापायी त्याच्याकडून शोभेच्या माशांची काचेची टाकी आणली होती, सोबत डब्याचा फिल्टर. डबा टाकीच्या खाली ठेवायचा. एका नळीनं पाणी त्यात उतरतं, गाळून दुसरीनं वर जातं. आमच्याकडे मात्र त्यात हवा भरायची. आधी खरखर, मग बुडबुडे, मग पाणी बंद. दोन मासे मेले. उरलेले पाच वर येऊन तोंडं उघडमीट करायचे, आणि लेक माझ्याशी बोलेना.

"मशीनमध्ये दोष निघाला तर परत घेतो अण्णा," मासेवाला फोनवर म्हणाला. "आधी तपासा तर."

"मी कामून तपासू? तपासून विकायचं काम तुझं!" मी फोन ठेवून दिला.

तरी तपासलंच. झाकणाचं रबर धुऊन बसवलं, डब्याखाली कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा. थेंबभर पाणी बाहेर येत नाही आणि हवा तेवढी आत जाते, हे कसं? राग होताच, पण आता ते कोडं मला सोडेना.

दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"शेठ, हिरीवरची मोटर हवा धरायली म्हणलं की तुमीच सांगताव न्हाई का, जोडाला चिखल थापा म्हणून? चिखल जिथं आत ओढला जातो, तिथं भोक. सोताच्या घरी कामून इसरलाव?"

खरं होतं. ओढणाऱ्या बाजूचा जोड गळत नाही, तो हवा पितो. आणि मी खाली डबा चाचपत बसलो होतो! घरी येऊन टाकीच्या काठावर, पाण्याच्या वर, जिथं नळी पाणी ओढणाऱ्या प्लास्टिकच्या दांडीवर चढवली होती, तिथं सैल कणीक लिंपली. लेक जवळ येऊन उभी राहिली. बघता बघता कणकेत खळगा पडला आणि सुईएवढं भोक उघडलं.

ती नळी मासेवाल्याची नव्हती. "तुझी नळी ठेव आणि तेवढे पैसे कमी कर, पाइप मी स्वतःच विकतो," असं घासाघीस करताना मीच म्हणालो होतो. "माप वेगळं आहे अण्णा," त्यानं दोनदा सांगितलं होतं. मी दुकानातली बागेची नळी चढवून क्लिप आवळली होती.

दुसऱ्या दिवशी मैलूरला गेलो. मी तेव्हा नको म्हटलेली नळी त्यानं काढून समोर ठेवली. पंधरा दिवस जपून ठेवली होती.

"हे फोनवर कामून न्हाई सांगितलंस?"

"सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवला की."

माझं अजून म्हणणं आहे, दोनदा सांगणाऱ्यानं तिसऱ्यांदा सांगायला काय हरकत होती?

नवी नळी बसवली. खरखर थांबली, आणि थोड्या वेळानं पाचही मासे खाली उतरले. लेक कितीतरी वेळ जोडाकडे बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "कणीक उरली आहे का? दुसरा जोड पण बघू."