भरला पाय, रिकामा पाय

पुराला भिऊन वसुधानंच वरच्या मजल्याचा हट्ट धरला होता, आणि आता तो जिनाच तिच्या जिवावर उठला होता.

बासष्ट सालच्या फेब्रुवारीत हॅम्बर्गमध्ये एल्बे नदीचे बांध फुटले. तेव्हा वसुधा, तिचा नवरा श्रीनाथ आणि लहानगी शुभा विल्हेल्म्सबुर्ग भागात तळमजल्यावर राहत होती. पाणी चढायला लागलं तशी तिघं शेजाऱ्यांबरोबर माळ्यावर गेली आणि ओल्या अंगानं तिथंच कुडकुडत बसली. पुढं बाहेरचं पाणी ओसरलं, पण वसुधाच्या छातीत धरलं. प्लुरसी झाली. डॉक्टरांनी तिला शहराबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवलं. श्रीनाथ नवं घर शोधत होता, त्याला तिनं खाटेवरून एवढंच बजावलं, "कुठलंही घ्या, पण वरचं घ्या."

त्यानं अल्टोना भागात चौथ्या मजल्यावर घेतलं.

ती बरी होऊन घरी आली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ पेटरसननी शुभाला सख्ख्या नातीसारखं सांभाळलं होतं. तक्रारीला जागा नव्हती. पण पोरगी आईचं मराठी ऐकायची आणि उत्तर द्यायची जर्मनमधून.

"शुभा, जरा पाणी आणतेस, बाळा?"

"ग्लाइश, मामा!" म्हणजे "लगेच, आई!"

"मामा तुझा मिरजेला आहे. मी आई."

शुभा हसायची, पाणी आणायची आणि जरा लांबच उभी राहायची. पाहुण्या बाईजवळ उभी राहावी तशी. ते अंतर वसुधाला दुखण्यापेक्षा जास्त बोचायचं.

दुखणं गेलं होतं, थकवा मात्र राहिला होता. बाजारातून आलं की पहिला मजला कसाबसा व्हायचा, दुसऱ्यावर कठड्याला टेकायचं, तिसऱ्यावर फ्राउ पेटरसनच्या दाराशी पिशवी ठेवून चक्क पायरीवर बसायचं. श्रीनाथ संध्याकाळी इन्स्टिट्यूटमधून यायचा आणि तिचा चेहरा निरखायचा. जहाजांच्या सांगाड्यावर त्याचा प्रबंध चालला होता. कुठला सांधा किती ताण सोसेल हे त्याला कळत होतं, म्हणून बायकोबद्दलही तो तसाच विचार करत असावा.

शेवटी एकदा जेवताना त्यानं विषय काढला. "सप्टेंबरअखेर जिनोआहून बोट आहे. तू मिरजेला जा. ऊन आहे, माणसं आहेत, वर्षभर आराम कर."

"आणि शुभा?"

"तिची शाळा आत्ता कुठं सुरू झालीये. ती राहील माझ्याजवळ."

वसुधानं हातातला घास ताटात ठेवला. "अहो, एक वर्ष गेले तर पोर जर्मन झाली. अजून एक गेले तर मला ओळखेल का?"

"मग हा जिना तू रोज कशी चढणार? आल्झो, असं करू, उन्हाळाभर बघू. धाप न लागता वर आलीस, तर बोटीचं नाव काढणार नाही."

तो दुष्टपणानं बोलत नव्हता, हेच जड होतं. भांडायलाही सोय नव्हती.

शुभाला शाळेत पोचवलं की लगेच जिना चढायचं त्राण नसे, म्हणून वसुधा नदीकाठच्या उंचावरच्या बागेत बाकावर बसायची. खाली बंदर, क्रेन, भोंगे. तिथं तिला एक म्हातारा दिसला. निळा सदरा, डोक्यावर चार केस, आणि हात असे सावकाश फिरवत होता जणू पाण्याखाली काही चाचपतोय. एक पाऊल टाकायला त्याला एवढा वेळ लागायचा की मध्ये दोन टगबोटी निघून जायच्या.

"तो होय? लियांग," फ्राउ पेटरसन म्हणाल्या. "चिनी खानावळीत भाज्या चिरतो. सकाळी शाटनबॉक्सेन करतो. सावलीशी मारामारी."

"मग जिंकतं कोण?"

"आजवर तरी सावलीच!"

थकलेल्या माणसाला असं हळू चालणारं कुणी दिसलं की बरं वाटतं. काही दिवसांनी वसुधा बाकावरून उठली आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं नाही, फक्त थोडं बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

दोघांचंही जर्मन मोडकं. त्यामुळं बोलणं थोडं आणि नेमकं व्हायचं. लियांग तरुणपणी कोळशाच्या आगबोटीवर भट्टीवाला म्हणून आला होता, इथंच राहिला. युद्धाच्या शेवटी गेस्टापोनं शहरातल्या सगळ्या चिनी माणसांना उचललं, त्यात तोही होता. छावणीबद्दल तो एवढंच म्हणाला, "तिथं हात हलवता येत नव्हते. मी मनात करायचो."

"हे काढलं कुणी?" तिनं एकदा विचारलं.

"कुणी सांगतं, डोंगरावरच्या एका बैराग्यानं साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली. साप वळत राहिला, पक्षी थकला. त्यावरून सुचलं."

"खरं?"

"माझा गुरू हसायचा. तो म्हणायचा, चेन नावाच्या घराण्याच्या गावात शेतकरी दरोडेखोरांशी लढायला शिकले. पुढं लढाया संपल्या, लोक म्हातारे झाले. मग कळलं, यानं झोप चांगली लागते."

वसुधाला हसू आलं. तिच्या वडिलांची मिरजेत तालीम होती. तिथं घाम, आरोळ्या, दणादण जोर. इथं सगळं उलटं. ती हात ताणायची तर लियांग तिच्या कोपराखाली बोट धरून म्हणायचा, "सोड." श्वास भरून छाती फुगवायची तर म्हणायचा, "खाली. पोटात." पण त्याचा खरा धडा पायांचा होता. तो तिच्या मांडीकडं बोट करायचा. "हा पाय भरला. हा रिकामा. सगळं वजन इथं आलं की तो दुसरा काही करत नाही. विश्रांती घेतो. मग बदल."

"म्हणजे चालताना विश्रांती?"

"गेनाऊ, बरोबर. नंतर घेणार म्हणशील, तर नंतर येत नाही."

हे मात्र कुठल्याही बाईला पटेल असं होतं. सगळं आटपून मग बसू, असं म्हणत वसुधाची आईही म्हातारी झाली होती.

उन्हाळा असा गेला. धाप थोडी कमी झाली. तिसऱ्या मजल्यावर बसायचं बंद होऊन नुसतं टेकायचं राहिलं. आणि सप्टेंबर लागताच एका थंड, दवानं भिजलेल्या सकाळनंतर वसुधाला सणकून ताप भरला.

श्रीनाथनं तिच्या पायांना हात लावला. बर्फ. "पाय एवढे गार कशानं?"

"तिथलं गवत ओलं असतं."

"बूट होते ना?"

"बाकाखाली काढून ठेवते. मोज्यांसकट."

"अनवाणी? हॅम्बर्गमध्ये?"

"अहो, विद्या शिकायची आणि पायात चपला? तालमीच्या मातीत कुणी चप्पल घालून गेलं, तर बाबा पाठीत धपाटा घालायचे."

श्रीनाथनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तो बोटीची जागा राखून आला. सांगताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. शुभा दारात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला कळत होतंच.

ताप उतरत होता, त्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. लियांग होता. चार मजले चढून आला होता, तरी दमला नव्हता. काखेत कागदाचं पुडकं. त्यानं ते श्रीनाथच्या हातात दिलं. आत काळ्या कापडाचे, जाड तळाचे जुने जोडे होते.

"तुमच्या बायकोला सरावाचे बूट नाहीत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "चांगले बूट ती जपून ठेवते. मी रोज बघायचो. बोललो नाही, तिला लाज वाटली असती. तुम्ही अजून विद्यार्थी, समजतं मला."

श्रीनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. आतून वसुधा ताप विसरून उशीत तोंड खुपसून हसत होती. मग तिनंच बाहेर येऊन सगळा उलगडा केला. लियांग तिच्या पायांकडं बघत राहिला.

"गुरूसाठी काढलेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी कुणी असं केलं नव्हतं," तो म्हणाला. "आता घाल."

जोडे मोठे होते. शुभानं न सांगता वर्तमानपत्राचे बोळे करून पुढं कोंबले.

अंगात बळ आल्यावर वसुधा त्या जोड्यांत खाली उतरली, बागेपर्यंत जाऊन आली आणि श्रीनाथच्या येण्याच्या वेळेला जिन्याच्या तळाशी थांबली. बरोबर शुभा.

"चला," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्या मागं."

तिनं पाय पायरीवर ठेवला. वजन येऊ दिलं. दुसरा रिकामा झाला, लोंबू दिला, मग वर. श्रीनाथ पहिल्याच वळणावर चुळबुळायला लागला. आजवर तो नेहमी तिच्या पुढं धावत जाऊन वरून हात द्यायचा, आणि ती त्याच्या वेगानं चढायला बघायची. फ्राउ पेटरसननी दार किलकिलं केलं. "काय, वरात निघाली का कुणाची?"

मागून शुभा पुटपुटत होती, "फोल, लेअर. फोल, लेअर." मग अडखळत, "आई, हा भरला?"

"हो गं. आणि तो रिकामा."

वर पोचायला इतका वेळ लागला की जिन्यातला ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारा दिवा दोनदा विझला. दारासमोर वसुधा उभी राहिली. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं चाललेला.

"किती वेळ लावलास!" श्रीनाथ म्हणाला. आवाज मात्र वेगळाच येत होता.

"थकलेय मी, अहो. इथं थकलेय, तिथंही थकेनच. मग माझ्या पोरीजवळ थकते."

त्यानं किल्ली फिरवली. आत गेल्यावर कोट न काढताच त्यानं बटाट्यांची टोपली पुढं ओढली आणि सोलायला बसला.

"उद्या त्या बोटवाल्याकडं जाऊन येतो," तो मान खाली घालून म्हणाला. "जागा सोडून द्यायला."

वसुधानं चुलीवर पातेलं ठेवलं आणि एका पायावर भार टाकून, दुसरा मोकळा सोडून, पाण्याला उकळी यायची वाट बघत उभी राहिली.